फटफटीवाल्या आत्याचा धूर

आत्या गावात पोचायच्या आधी तिच्या गाडीचा आवाज पोचायचा. गावाबाहेरच्या तलावाच्या पाळीवर गाडी चढायला लागली की इकडे बाया एकमेकींना सांगायच्या, "सिस्टर आली वो!" आणि ज्यांच्या लेकरांना लस टोचायची राहिली असेल त्या आधी आपापली लेकरं पकडून ठेवायच्या, कारण आवाज लेकरांनीही ऐकलेला असायचा. माझी ही आत्या लाखनी तालुक्यातल्या एका आडगावच्या उपकेंद्रात सरकारी नर्स होती आणि ती मोटारसायकल चालवायची. स्कूटर नाही, मोपेड नाही. चांगली दणदणीत किक मारायची, गिअरवाली, पुरुषमाणसं चालवतात ती मोटारसायकल. तिचं नाव सांगून घर विचारलं तर लोक डोकं खाजवायचे. 'फटफटीवाली सिस्टर' म्हटलं की थेट दारात आणून सोडायचे.

गाडी मूळची मामाजींची, म्हणजे आत्याच्या नवऱ्याची. ते शाळेत मास्तर होते आणि फार लवकर, आजारपणात गेले. गाडी विकून टाका, असं चार शहाण्यांनी सुचवलं. धान कापून रिकाम्या झालेल्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, आत्यानं गाडी ढकलत नेली, नर्सचं पांढरं लुगडं खोचलं आणि आपली आपण शिकली. "पडली असती त धसकटं टोचली असती, म्हनून पडलीच नाही," असं ती सांगायची. विहाराच्या ओट्यावर बसणाऱ्या म्हाताऱ्यांना काही दिवस ते खटकलं. पुढे त्यांच्याच घरातल्या सुना अडल्या तेव्हा चिखलातून त्यांच्या दारापर्यंत फक्त आत्याचीच गाडी आली, आणि मग कोणाला काही खटकेनासं झालं.

तिचा एक नेम होता. मागची सीट रिकामी न्यायची नाही. रस्त्यानं कोणी चालताना दिसलं की ब्रेक. "कुठं जाऊन राहिले?" तो माणूस म्हणायचा, "जवळच जातो, सिस्टर, राहू द्या." "राहू कायले देऊ? गाडी त तिकडेच चालली. बसा!" बसायलाच लागायचं. तिच्या मागे मी कोंड्याचं पोतं घेतलेला माणूस पाहिलाय, कोंबडी बगलेत धरलेली म्हातारी पाहिलीय, आणि एकदा तर शेळीचं पिल्लूही पाहिलंय. सुट्टीत मी तिच्याकडे असले की मला तिच्या आणि त्या पाहुण्याच्या मध्ये कोंबलं जायचं. शेळीचा वास माझ्या फ्रॉकला आठवडाभर यायचा. मी कुरकुर केली की म्हणायची, "एवढं पेट्रोल जळून राहिलं, त्यात एकाच मानसानं जाचं? लाज वाटली पाहिजे."

पर्यावरण वगैरे शब्द तेव्हा गावात कोणी बोलत नव्हतं. आत्याचं आपलं सरळ होतं: जे जळतं ते वाया जाऊ द्यायचं नाही. पाळ चढून झाली की ती इंजिन बंद करायची आणि उतारानं गाडी गावापर्यंत तशीच सोडायची. म्हणजे आवाज यायचा तो चढतानाच. मग एकदम शांतता, आणि त्या शांततेत आत्या अंगणात हजर. ज्या लेकरांना वाटायचं की आवाज थांबला म्हणजे सिस्टर दुसरीकडे गेली, ती नेमकी सापडायची. मीही एकदा अशीच सापडलेय, त्यामुळे हे मी अनुभवानं सांगतेय.

ती रिटायर झाली तेव्हा आम्हाला सगळ्यांना वाटलं, चला, आता गाडी घरी बसेल. कसलं काय! आधी सरकारी काम होतं, आता सगळ्या गावाचं झालं. कोणाच्या बीपीच्या गोळ्या, कोणाचा चष्मा, कोणाला बँकेत घेऊन जायचं. रोज सकाळी फटफटी निघायची ती गावातून हायवेला आणि हायवेनं लाखनीला. हायवे म्हणजे काय ते मी सांगायला नको. छत्तीसगडकडून येणारे ट्रक, तिकडे जाणारे ट्रक, आणि त्यांच्यामध्ये माझी साठी ओलांडलेली आत्या, डोक्यावर हेल्मेट, मागे कोणीतरी म्हातारी. मी भंडाऱ्यात नोकरीला. महिन्यातून दोनदा तरी तिच्याकडे जायची आणि दरवेळी हात जोडायची, "आत्या, हायवे तेवढा सोड." ती माझ्या ताटात अजून भात वाढायची.

आणि मग तिनं धुराचं काढलं.

"हवा बिघडली, पोरी," ती म्हणायला लागली. "हायवेवर पाह्य जरा. धूरच धूर. समोरचं धड दिसत नाही." पहिल्या वर्षी तिनं राइस मिलांना दोष दिला. दुसऱ्या वर्षी तणस, म्हणजे धानाचा पेंढा, जाळणाऱ्यांना. तिसऱ्या वर्षी तिचा निकाल पक्का झाला: कारवाले. "एकेक मानूस एकेक खोली घेऊन रस्त्यानं चालला. खोलीत चार सीटा रिकाम्या. धूर नाही होनार त काय होईल?" हे बोलताना ती आपल्या दारात उभ्या असलेल्या माझ्या जुन्या डिझेल गाडीकडे अशी बघायची की जणू अख्ख्या भंडारा जिल्ह्याचा धूर तिच्याच नळीतून निघतो. खरं सांगते, मला ते लागायचं. गाडी काळा धूर सोडायची हे खोटं नव्हतं. शिवाय आत्यानं आयुष्यभर लोकांना सांगितलेलं सगळं खरं निघालेलं होतं, तेव्हा धुराचंही खरंच असणार, असं मी धरून चालले.

म्हणून मी हायब्रीड घेतली. कर्ज काढून घेतली. पेट्रोलचं इंजिन आणि जोडीला बॅटरीची मोटर. हळू जाताना गाडी बॅटरीवर चालते, ब्रेक लावला की बॅटरी आपली आपण भरते, पेट्रोल कमी, धूर कमी. शोरूममधल्या मुलानं हे सगळं मला इतक्या गोड आवाजात सांगितलं की मी त्याच दिवशी आत्याला फोन लावला. "आत्या, तुझ्यासाठी घेतली समज." पुढच्या रविवारी पेढे घेऊन थाटात गावाला गेले.

आत्या पुढच्या सीटवर बसली, पदर नीट केला, पर्स मांडीवर घेतली. मी बटण दाबलं. आत्या समोर बघत बसून राहिली. मग म्हणाली, "चालू कर ना वो."

"चालूच आहे."

"कुठं चालू आहे? आवाज कुठं आहे?"

"आवाज नसतोच याले. पाह्य, निघाली."

गाडी हलली तशी ती दचकली आणि दोन्ही हातांनी दरवाजा धरला. "अरे बापा! कोन ढकलून राहिलं मांगून?" पुढे गल्लीत सुकराम भाऊ म्हशी घेऊन चालले होते. सुकराम भाऊ म्हणजे आत्याचे शेजारी, गावात सगळ्यात शांत माणूस. त्यांना काही ऐकूच गेलं नाही, म्हशींनाही नाही. अगदी शेपटीजवळ गाडी थांबली तेव्हा ते वळले आणि टुणकन बाजूला उडाले. "काय वो हे! चोरावानी आली गाडी!" त्यानंतर पूर्ण गल्लीभर आत्या खिडकीतून डोकं काढून ओरडत होती, "सरका! सरका! गाडी आहे मांगं!" मी घेतलेल्या आधुनिक गाडीचा हॉर्न म्हणजे माझी आत्या.

मग आमचे वाद सुरू झाले, आणि ते असे रंगायचे की जेवण थंड व्हायचं. तिचं म्हणणं, माझी फटफटी सायकलीहून जरा मोठी. एवढंसं लोखंड, एवढंसं रबर, थेंबभर पेट्रोल, आणि इतकी वर्षं झाली तरी तीच गाडी. "तुझ्या गाडीले एक इंजिन पुरलं नाही, म्हनून दोन लावले. वरून ते बॅटरीचं ओझं. ते बनवाले कुठं तरी धूर झालाच असन ना? का तो धूर दुसऱ्याच्या गावात गेला म्हनून मोजाचा नाही?" मी म्हणायची, "तुझी गाडी पेट्रोल कमी पिते, कबूल. पण जे पिते त्याचा धूर किती घाण निघतो! जुन्या इंजिनाले कुठं असते धूर गाळायची सोय? माझ्या गाडीच्या नळीले नाक लाव, वास येणार नाही." "मी कायले नाक लावू? तूच लाव." मी सांगायची की शहरात, सिग्नलवर थांबत थांबत जाताना हायब्रीडसारखी गाडी नाही. ती विचारायची, आमच्या गावात सिग्नल कुठे आहे? मी म्हणायची, चार माणसं बसली तर माझी गाडीच सरस ठरते. "बसली त!" ती म्हणायची. "येताना कोन होतं तुझ्यासंगं?" कोणीही नसायचं. मग मी चिडून भाजी मागायची.

पण मला खरा राग यायचा तो शेवटच्या वाक्याचा. "एवढी महागाची गाडी घेतली, पन धूर कमी झाला काय? उलट वाढलाच." मी कपाळावर हात मारून घ्यायची. एका कारनं जिल्ह्याची हवा सुधारत नाही, हे मलाही कळतं. पण निदान "बरं केलंस, पोरी" एवढं म्हणायला काय जात होतं?

दिवाळी झाली, धानाची मळणी झाली, आणि एके दुपारी सुकराम भाऊंचा फोन आला. त्यांचा फोन कधी येत नाही. आधी त्यांनी माझी, घरच्यांची, ऑफिसची खुशाली विचारली. मग जरा थांबून म्हणाले, "बाई, राग नको मानू. परवा सिस्टरनं आमच्या धानावरून गाडी नेली."

ज्यांना आमच्याकडचं माहीत नाही त्यांना यात काय मोठंसं, असं वाटेल. मळणीनंतर आमच्याकडे गावातल्या रस्त्यावरच धान वाळत घालतात. बाहेरच्या गाड्या बिनधास्त त्यावरून जातात, लोक ओरडतात आणि सोडून देतात. पण गावातलं माणूस जात नाही. तो बाजूनं जातो. आणि आत्या तर तिथे पोचली की गाडीवरून उतरायची, एका हातानं लुगडं सावरत गाडी कडेकडेनं हातानं ढकलत न्यायची, आणि चार दाणे चाकाखाली आले तर ते उचलून पुन्हा ढिगावर टाकायची. बाहेरचा कोणी कारवाला धानावरून गेला की सगळ्यात मोठ्यानं तीच ओरडायची.

"सरळ नेली," सुकराम भाऊ म्हणाले. "या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी तठीच उभा होतो. मले पाहून हासली बी नाही. धानाचं काही नाही वो बाई, धान काय पुन्हा गोळा होते. पन तिनं पाह्यलंच नाही. मले भेव वाटून राहिलं."

मी फोन ठेवला आणि रविवार किती दिवसांवर आहे ते मोजलं.

त्या रविवारी मी सकाळीच गेले. आदल्या दिवशी अवकाळी पाऊस होऊन गेला होता आणि हवा धुऊन निघाल्यासारखी लख्ख होती. मी आत्याला म्हटलं, चल, पाळीवर फिरून येऊ. पाळीवर उभं राहिलं की तलावापलीकडे शेतं, आणि शेतांपलीकडे डोंगर. त्या दिवशी डोंगरावरचं झाडन् झाड सुटं दिसत होतं.

"डोंगर किती छान दिसून राहिले, आत्या," मी म्हटलं.

"कुठचे डोंगर? आज त जास्तच धूर आहे," आत्या म्हणाली.

मी तिच्याकडे बघितलं. ती डोळे बारीक करून, अगदी रागानं, त्या स्वच्छ आभाळाकडे बघत होती. तिला शिव्या द्यायच्या होत्या आणि समोर कारवाले नव्हते. पाण्यात पांढरे बगळे उभे होते. मी विचारलं, "तिथं पाण्यात काय आहे?" ती म्हणाली, "कोनाचं तरी धुनं वाळत असन." बाप रे! बगळ्यांना धुणं म्हणणारी ही बाई रोज हायवेवर ट्रकांच्या मधून मोटारसायकल चालवत होती, आणि मागच्या सीटवर गावातली कोणी ना कोणी असायची.

"आत्या," मी म्हटलं, "धूर नाही आहे. कुठंच नाही. तुझे डोळे गेले."

पुढची पाच मिनिटं मी तिच्या तोंडून जे ऐकलं ते लिहिण्यासारखं नाही. मी काल जन्मलेली. मी बँकेत नोटा मोजते, मला डोळ्यातलं काय कळतं. तिनं अर्ध्या तालुक्याचे मोतीबिंदू शोधले, शिबिराला माणसं नेली, पट्ट्या बांधल्या, थेंब घातले, आणि तिला स्वतःचा मोतीबिंदू कळणार नाही? "मी सिस्टर आहे!" ती ओरडली, आणि पाळीवरच्या दगडावर मटकन बसली.

मी तिच्या शेजारी बसले. बराच वेळ ती पदराच्या टोकाशी चाळा करत होती. मग हळूच म्हणाली, "आईले काळा झाला होता."

आई म्हणजे माझी आजी. मला ती आठवते ती आंधळीच. काळा मोतीबिंदू, म्हणजे काचबिंदू. पांढरा असला तर ऑपरेशन करून नजर परत येते. काळ्यानं गेलेली परत येत नाही. हे मला आत्यानंच लहानपणी शिकवलेलं.

"दिव्याभोवती कडं दिसते मले," ती म्हणाली. "ट्रकच्या लाइटीभोवती बी. काळ्यात असंच दिसते. दवाखान्यात गेली आन त्यानं काळा म्हटलं त? मंग मी काय करू? आईसारखी खाटेवर बसून कोन आलं, कोन आलं, विचारत राहू?" तिनं पदर डोळ्यांना लावला. "धूर म्हटलं की बरं वाटे वो. धूर आज आहे, उद्या हटन."

मला रडू आलं आणि रागही आला, दोन्ही एकाच वेळी. म्हटलं, "आणि हायवेवर काही झालं असतं मंग? मागं बसलेल्या म्हातारीचं काय?" ते तिला लागलं. ती एकदम ताठ झाली. तिला स्वतःसाठी भीती घालून उपयोग नसतो. मागच्या सीटवरच्या माणसाचं नाव काढावं लागतं. "उद्या जाऊ," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि गाडी दारात लावली. आत्या बाहेर आली ती एकटी नाही. तिच्यासोबत दोन म्हाताऱ्या आणि काठी टेकत एक आजोबा. "यांचे बी डोळे दाखवू. जातच आहो त रिकामी कायले न्याची गाडी?" इथे स्वतःचं सगळं आयुष्य टांगणीला लागलंय आणि ही बाई सीटा भरतेय! पण खरं सांगू? मला बरंच वाटलं. भंडाऱ्यापर्यंत मागच्या तिघांनी एकमेकांच्या दुखण्यांवर इतकी चर्चा केली की आम्हा दोघींना गप्प बसायची सोय झाली. आत्यानं वाटेत एकदाही धुराचं नाव काढलं नाही. पर्स मात्र इतकी घट्ट धरली होती की तिच्या बोटांची नखं पांढरी पडली.

दवाखान्यात तिला आत नेलं. डोळ्यांत थेंब घातले, दिवे मारले, यंत्रावर हनुवटी ठेवायला लावली, डोळ्यातला दाब मोजला. दुसऱ्यांना "घाबरू नका, काही नाही होत" असं सांगत इतकी वर्षं काढलेली बाई शाळेतल्या पोरीसारखी गप्प बसली होती. डॉक्टर तरुण होते, त्यांना आमची गोष्ट काहीच माहीत नव्हती. सहज म्हणाले, "दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. इतके दिवस कशा थांबलात?"

आत्यानं विचारलं, "काळा का पांढरा?"

"पांढरा. दाब अगदी नॉर्मल आहे. मागचा पडदाही चांगला दिसतोय. ऑपरेशन केलं की दिसेल व्यवस्थित."

"नक्की पांढरा?"

"नक्की, आजी."

एरवी तिला कोणी आजी म्हटलं तर ती त्याला सोडत नाही. त्या दिवशी तिनं डॉक्टरचा हात धरला आणि सोडेचना. मी बाहेर आले, भिंतीला टेकले आणि तोंडावर ओढणी धरून हमसून हमसून रडले. आमच्यासोबतच्या आजोबांना वाटलं, काहीतरी वाईट झालं. ते काठी टेकत आले. "काय म्हने डाक्टर?" "पांढरा आहे, आजोबा. पांढरा!" मी म्हटलं. तेही इतके खूश झाले की स्वतःचा नंबर लागल्यावर आत जायला विसरले.

एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, थोड्या अंतरानं दुसऱ्याचं. पहिली पट्टी निघाली तेव्हा मी समोरच होते. आत्यानं डोळे उघडले, माझ्याकडे निरखून बघितलं आणि पहिलं वाक्य म्हणाली, "किती म्हातारी झाली वो तू! केस त पाह्य." घरी गेल्यावर छताला लागलेली कोळ्याची जाळी बघून स्वतःच्याच नावानं बोटं मोडली आणि तिथल्या तिथे झाडू मागितला, तो मी लपवला. पाळीवर जाऊन डोंगर बघून आली. मी मुद्दाम विचारलं, "मंग? धूर?" ती म्हणाली, "धूर होताच. थोडा हवेत होता, थोडा डोळ्यात." आणि जरा वेळानं, माझ्याकडे न बघता, "तुझी गाडी वाईट नाही. पन मोठी आहे." एवढ्यावर आमचा वाद मिटला असं मी मानते. ती मानत नाही.

पण माझ्या जिवाला घोर लागला तो पुढे. डॉक्टरांनी दोन महिन्यांनी तपासून सांगितलं, आता सगळं करा, गाडीही चालवा. मी मनात म्हटलं, झालं! दिसत नव्हतं तेव्हा ही ऐकत नव्हती, आता दिसतं म्हटल्यावर कोणाच्या बापाचं ऐकणार? आणि तसंच झालं. त्याच आठवड्यात हेल्मेट पुसून निघाली लाखनीला. मी नेमकी तिच्याकडेच होते. हात जोडले, ओरडले, रुसले. "मले आता दिवा दिसते, दिव्याभोवतीचं कडं नाही दिसत," ती म्हणाली. "हट बाजूले." किक मारली आणि गेली.

मी काय करणार? चप्पल अडकवून कार काढली आणि तिच्या मागे निघाले. ती पुढे फटफटत, मी मागे आवाज न करता. मी मागे आहे हे तिला कळलंसुद्धा नाही. रस्त्यावर कोणी चालत नव्हतं म्हणून मागची सीट रिकामी होती, तेवढ्याच गोष्टीचं मला समाधान. शेतं संपली, ढाबा आला, हायवेचं वळण आलं, आणि आत्या थांबली.

मला वाटलं, ट्रक जाऊ देतेय. ट्रक गेला. मागून दुसरा आला, तोही गेला. मग रस्ता चांगला मोकळा झाला. ती सहज निघू शकली असती. ती निघाली नाही. दोन्ही पाय जमिनीवर टेकवून बसून राहिली. पुन्हा ट्रक आले. मी कार बाजूला लावली, उतरले आणि तिच्याजवळ गेले.

ती हायवेकडे बघत होती. तिचे नवे, पाण्यासारखे स्वच्छ डोळे पूर्ण उघडे होते. एक लांबलचक ट्रेलर धडधडत गेला. वाऱ्यानं तिचा पदर उडाला, तो तिनं धरला नाही.

"एवढ्या जोरात जातात हे?" तिनं विचारलं.

"हाव."

"नेहमीच?"

"नेहमीच, आत्या."

"मले वाटे, हळू हळू जाऊन राहिले. मोठं काही तरी धुरातून आलं आन गेलं, एवढंच दिसे." तिनं हात लांब केला आणि माझं मनगट धरलं. "आन मी यांच्या मधून जात होती? मांगं लोकांच्या मायबापाले बसवून?"

जे मी इतकी वर्षं हात जोडून सांगितलं, ते तिला आत्ता, या मिनिटाला दिसत होतं. ती आणखी थोडा वेळ बघत राहिली. मग तिनं इंजिन बंद केलं, गाडीवरून उतरली, आणि आयुष्यभर किक मारून पुढे जाणाऱ्या माझ्या आत्यानं ती गाडी हातानं ढकलत गावाकडे वळवली.

"गावातल्या गावात चालवीन," ती म्हणाली. "पाळीपर्यंत. बांधीपर्यंत. त्याच्या पुढं नाही."

लाखनीला आता ती एसटीनं जाते. ना माझी कार, ना तिची फटफटी. आणि वर मला ऐकवते की सगळ्यात कमी धूर बसचाच, पन्नास माणसं एका इंजिनावर. एवढी वर्षं काम करताना लाखनीकडच्या अनोळखी नंबरवरून फोन आला की माझा हात थांबायचा, वाटायचं, आत्याचं हायवेवर काही झालं. उचलायच्या आधी मी मनातल्या मनात पंचशील म्हणायची. परवाही असाच आला. उचलला तर आत्या. स्वतःचा फोन घरी विसरली होती, शेजारच्या सीटवरच्या बाईचा मागून घेतला होता. मागे बसचा खडखडाट, लोकांचा गलका, आणि त्या सगळ्यावरून तिचा खणखणीत आवाज: "काही काम नाही वो. खिडकीजवळ जागा भेटली, ते सांगाले केला."